मुलांचे मुक्कामी शिबिर आणि आपली भीती

(विहाराच्या वर्धापनदिनी पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाची पंगत खोळंबली आहे, तेव्हा मुद्द्यालाच हात घालतो. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही मुलांना दोन रात्रींच्या मुक्कामाला मळवलीला नेतो. भाजे आणि कार्ले लेणी दाखवतो आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात तंबू ठोकून राहतो. नावनोंदणी सुरू झाली की आयाबाया हमखास विचारतात, "भाऊ, पाण्याजवळ नाही ना नेणार?" आजपर्यंत आम्ही छातीठोकपणे सांगत आलो, "नाही ताई, अजिबात नाही." हे उत्तर चुकीचे होते. तेच कबूल करायला आज उभे आहोत.

गेल्या शिबिरातली गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा मुले ताटे घासायला इंद्रायणीच्या काठावर गेली. बरोबर आमच्यातला एक कार्यकर्ता होता, पण तो राहिलेले पातेले आणायला मागे फिरला. चूक आमची, ती लपवत नाही. पाणी संथ, घोट्याएवढेच दिसत होते. एका बारा वर्षांच्या मुलाच्या हातून ताट निसटले. ते धरायला तो दोन पावले पुढे गेला, शेवाळावरून पाय सटकला आणि पुढे डोह होता.

तो ओरडला नाही. बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, हे आपण सिनेमात पाहतो. खरोखर बुडताना तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, श्वास घ्यायलाच उसंत नसते, ओरडणार कुठून? त्याचा मित्र उडी मारायच्या बेतात होता. पोहता त्यालाही येत नव्हते! तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने त्याला शर्ट धरून मागे ओढले. स्वतः काठावर पालथी पडली, दोघांना आपले पाय धरायला लावले आणि तंबूचा बांबू पुढे सरकवला. पहिल्यांदा पोचला नाही. दुसऱ्यांदा पोराने धरला.

हे सगळे आम्ही धावत पोचेपर्यंत संपले होते. तिला विचारले, "बाळा, हे कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "गावाला आजोबांनी. बुडत्याला हात द्यायचा नाही, काठी द्यायची." त्या रात्री आम्हा कार्यकर्त्यांपैकी कुणाचा डोळा लागला नाही. आम्ही मुलांना पाण्यापासून लांब ठेवण्याचा नियम केला होता, पाणी शिकवले नव्हते. शिकवले होते ते एका म्हाताऱ्याने.

बंधू-भगिनींनो, ही पाण्याची भीती आपल्या घरात आली कुठून? आपल्या आजा-पणजांना गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते याच मज्जावाविरुद्ध. नदीकाठच्या वस्त्यांतली माणसे पोहायची, ते खरे. पण बाकीची पोरे पाठीला डबा बांधून ज्या विहिरीत पोहायला शिकली, त्या विहिरीच्या पायऱ्याच आपल्याला बंद होत्या. पुढे शहरात आलो, तर चाळीत नळ. आईला पोहता येत नाही, म्हणून ती लेकराला पाण्याजवळ जाऊ देत नाही, आणि लेकरू तसेच मोठे होते. आमच्या समितीतल्या नऊ जणांपैकी पोहता येणारे तिघेच होते, मग दुसऱ्याला काय म्हणायचे!

म्हणून या वर्षीपासून शिबिराची सुरुवात पाण्यापासून होईल. पहिल्याच दिवशी काठ दाखवायचा, शेवाळ कसे दिसते ते दाखवायचे, काठी लावून खोली मोजायला लावायची. बुडणाऱ्याला काठी द्या, दोरी फेका, रिकामा बुच लावलेला कॅन फेका, मोठ्याने हाका मारा, पण मागोमाग पाण्यात जाऊ नका, हे मुलांकडून करून घ्यायचे. नुसते सांगून भागत नाही. पावसाळ्यात मात्र शिबिर कधीच नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली बघता बघता लोंढा येतो, तिथे पोहता येऊनही उपयोग नसतो.

आता सापाविषयी, कारण दुसरा प्रश्न तोच असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. यात मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोराच्या पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊ लागल्या, तर अपचन म्हणून ओवा देत बसू नका. तंबूची चेन बंद ठेवायची, रात्री उठल्यावर आधी बॅटरी, मग पाय. चावलाच तर दोरी आवळायची नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. मुलाला चालवायचे नाही, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

विंचवाचेही तेच. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते, पण त्याच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशाच्या रोग्यांना देऊन पुष्कळांचे प्राण वाचवले, आणि १९८६ साली ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. म्हणून मुलाला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर थांबायचे नाही.

लेण्यांत मेणबत्ती-अगरबत्ती लावू नका, ही मोठ्यांनाच विनंती. कपारीत आग्या मोहोळ असते, धुराने ते उठते. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घ्यायची नाही. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

मूल चुकले, तर त्याने शोधत फिरायचे नाही, आहे तिथेच थांबून शिट्टी तीनदा वाजवायची. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आम्ही देऊ. मुलींच्या तंबूशेजारी दोन महिला कार्यकर्त्या राहतील, आणि कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन बाजूला जाणार नाही. हा नियम आम्हालाही आहे.

अर्ज मागच्या टेबलावर आहेत. दमा, फिट, कशाची ॲलर्जी असेल तर लिहा, मुलाला नेणार नाहीत या भीतीने लपवू नका. अर्जाखाली एक नवी ओळ आहे : पोहता येते का? नाही असेल तर नाही लिहा. महापालिकेच्या तलावावर उन्हाळ्यात शिकवणी असते, तिथे मुलांना आम्ही घेऊन जाऊ. चार आयांनी आपलीही नावे दिली आहेत, त्यातली एक त्या बारा वर्षांच्या मुलाची आई आहे. तो मुलगा या वर्षीही येणार आहे, आणि काठावर दोरीचे टोक धरायचे काम त्याने मागून घेतले आहे.

पंगत बसली आहे, लहान मुलांना आधी जेवू द्या. जयभीम!