बटण एका सेकंदाचं, उत्तर वीस मिनिटांचं

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ तेवढे कमी केलेत.)



मी दिवसा ठाण्यात एका ऑफिसात हिशेब बघतो, आणि रात्री जेवणं झाली की मराठी विकिपीडियावर झाडलोट करतो. झाडलोटच म्हणायचं. तिथे माझ्यासारख्यांना ‘प्रचालक’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम काय? कुणी एखाद्या गावाच्या पानावर सरपंच म्हणून मित्राचं नाव टाकलं, ते काढायचं. कुणी नटाची जन्मतारीख बदलली, ती तपासायची. कुणी अख्खं पान पुसून ‘हाय’ लिहिलं, तर जुनं पान परत आणायचं.

हे ऐकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. पैसे किती मिळतात? शून्य. आमच्या आईनं पुढचा प्रश्न विचारला, “मग मालक कोण?”

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला जरा मागे जावं लागतं. मराठीत ज्ञानकोश काढायची हौस जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढला, २३ खंडांचा. त्यासाठी त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी स्थापन केली आणि शेअर विकले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली ‘मराठी विश्वकोश’ उभा राहिला, तो सरकारी खर्चानं. विकिपीडियाची गोष्ट तिसरीच. इंग्रजी विकिपीडिया २००१ साली सुरू झाला आणि मराठी १ मे २००३ ला, बरोबर महाराष्ट्र दिनी. सर्व्हरचा खर्च विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतली ना-नफा संस्था करते, तोही मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून. जाहिराती नाहीत. पण मराठीत काय लिहायचं, काय ठेवायचं, हे रोजच्या रोज तिकडून कुणी सांगत नाही. ते आपणच ठरवतो. त्यासाठी एक पान आहे, त्याचं नावच ‘चावडी’. वादही तिथेच, तोडगाही तिथेच.

म्हणून मी आईला म्हटलं, मालक कुणीच नाही. ती म्हणाली, “मग तू तिथे रुबाब कशाला करतोस?”

तिनं हे सहज म्हटलं होतं. पण मला लागलं, कारण त्याच्या थोडंच आधी एक प्रकार घडला होता. आजचा भाग त्याबद्दलच आहे.

झालं असं. रात्रीचे अकरा वाजले होते. मी फोनवर ‘अलीकडील बदल’ बघत होतो. कुणी कुठे काय बदललं, ते या पानावर ओळीनं दिसतं. एका छोट्या गावाच्या पानावर एक नवीन सदस्य लिहीत होती. गावची जत्रा, बारव, आठवडी बाजार, आणि शेवटी ‘आमचं गाव फार सुंदर आहे.’ संदर्भ एकही नाही. आता विकिपीडियाचे नियम स्पष्ट आहेत. लिहिलेलं पडताळून बघता आलं पाहिजे, तटस्थ पाहिजे, आणि स्वतःचं संशोधन नको. आमच्याकडे ‘द्रुतमाघार’ नावाची सोय असते. एक बटण दाबलं की त्या सदस्यानं पानावर सलग केलेले बदल एका फटक्यात मागे जातात. मी दाबलं.

तिनं परत लिहिलं. मी परत दाबलं. तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा मी तिच्या चर्चापानावर एक तयार सूचना चिकटवली. ‘कृपया धोरणे वाचा’ आणि खाली निळ्या दुव्यांची रांग. मग मी झोपलो. खरं सांगू? आज बरंच काम झालं, असं वाटलं होतं.

पाच दिवसांनी माझं लक्ष गेलं. त्या सूचनेखाली तिनं त्याच रात्री लिहून ठेवलं होतं, “माझं नेमकं काय चुकलं ते सांगाल का? मी इथल्या शाळेत शिकवते. मुलांना त्यांच्या गावाचं पान दाखवायचं होतं.”

मी लांबलचक माफी लिहिली. काय चुकलं तेही समजावलं. उत्तर आलं नाही. पुढे महिनाभर मी रोज बघत होतो. त्या नावानं पुन्हा एकही बदल झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, नियमानं तर तूच बरोबर होतास. हो, होतो. पण मी नंतर शांतपणे पानाचा इतिहास उघडला. विकिपीडियावर जुनी आवृत्ती पुसली जात नाही, तारीखवार तिथेच राहते. तिचं लिखाण नीट वाचलं आणि लक्षात आलं की त्यातलं अर्धं ठेवण्यासारखं होतं. गावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळाली. बाजाराचा वार आणि जत्रेचा महिना जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सापडला. ‘फार सुंदर’ तेवढं काढलं, बाकीचं संदर्भ जोडून परत लावलं. वेळ किती लागला? वीस मिनिटं. ही वीस मिनिटं मी त्या रात्री दिली असती, तर आज त्या गावाच्या पानाला लक्ष ठेवणारं माणूस असतं. मी ठाण्यात बसून त्या बारवेबद्दल काय सांगणार?

केतकरांना लेखक-संपादक नेमता आले. आम्हाला कुणाला नेमता येत नाही. जो येतो तोच आमचा लेखक. देणगीच्या पैशातून सर्व्हर चालतात, पण देणगीतून ती शिक्षिका परत येत नाही. माझ्या मते अशा जागेचं खरं भांडवल म्हणजे दुसऱ्यांदा येणारं माणूस. पहिल्यांदा लोक कुतूहलानं येतात. दुसऱ्यांदा यावंसं वाटेल की नाही, हे बऱ्याचदा पहिल्या उत्तरावर ठरतं.

तेव्हापासून मी स्वतःला तीन गोष्टी लावून घेतल्या आहेत. एक, शिवीगाळ किंवा उघड उत्पात असेल तर बटण लगेच दाबायचं, तिथे दयामाया नाही. पण माणूस चुकतोय आणि हेतू बरा दिसतोय, तर आधी दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या, तयार सूचना नाही. दोन, नुसतं ‘हे चालत नाही’ म्हणायचं नाही, काय चालेल तेही सांगायचं. तीन, रात्री अकरानंतर कुणाचंच लिखाण उलटवायचं नाही. थकलेल्या माणसाला प्रत्येक जण उपद्रवी दिसतो.

याचा उपयोग होतो का? एक उदाहरण सांगतो. कॉलेजातल्या एका मुलानं किल्ल्याच्या पानासाठी इंटरनेटवरून उचललेला फोटो चढवला. तो ठेवता येत नाही, कारण फोटो ज्यानं काढला त्याचा त्यावर हक्क असतो. पुस्तकाचंही तसंच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो, म्हणून आजच्या पुस्तकातला उतारा उचलून इथे टाकता येत नाही. १९३७ साली वारलेल्या केतकरांचं लिखाण मात्र आता सगळ्यांसाठी मोकळं आहे. तर मी त्या मुलाला हे सगळं लिहिलं आणि शेवटी विचारलं, “तुझ्या फोनमध्ये तू स्वतः काढलेला फोटो आहे का?” दुसऱ्या दिवशी त्यानं चार चढवले. एकात बोट आलं होतं, तीन उत्तम होते. अजून येतो तो. आता मलाच चुका दाखवतो.

फुकट काम करणाऱ्यांना एक सवय लागते, मलाही लागली होती. पैसे मिळत नाहीत, म्हणून मान तरी मिळावा असं वाटायला लागतं. मग आपण राखणदाराचे हळूहळू मालक होतो. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असा, ट्रेकिंग ग्रुप चालवत असा किंवा गणपती मंडळाचा हिशेब ठेवत असा, तपासून बघा एकदा.

त्या शिक्षिकेच्या गावाचं पान मी अजून अधूनमधून उघडतो. बारवेचा फोटो नाहीये तिथे. ती जागा मी मुद्दाम रिकामी ठेवलेली नाही, माझ्याकडे फोटोच नाही.

तुमच्या गावाचं पान आज उघडून बघा. काही चुकलं असेल तर ‘संपादन’ दाबा आणि दुरुस्त करा. बहुतेक पानांवर खातंसुद्धा लागत नाही. आणि कुणी तुमचं लिखाण उलटवलंच, तर त्या शिक्षिकेसारखं नक्की विचारा, माझं काय चुकलं? उत्तर द्यायला आम्हाला उशीर झाला, तर कृपा करून एकदा परत या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.