खेळान पोट भरतला काय?



गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी कणकवलीच्या बाजारात भाजी घेत होतो. मागून हाक आली, "गुरुजी!" वळून पाहिलं तर माझाच एक जुना विद्यार्थी. आता पन्नाशीकडे झुकलेला. त्याचा मुलगा अकरावीत. जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्याची कबड्डीसाठी निवड झाली होती आणि पुढच्या सरावासाठी त्याला पुण्याला एका शिबिराला पाठवायचं होतं. हातावर पेढा ठेवता ठेवता बापाने विचारलं, "गुरुजी, झिलाक पाठवू काय? पण माका एक सांगा, खेळान पोट भरतला काय?"

मी तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला, याची मोजदाद नाही. १९८९ साली मी त्याचं एक उत्तर दिलं होतं आणि ते चुकलं होतं. ती चूक शेवटी सांगतो. आधी कबड्डी हा हौसेचा खेळ पोटाचा उद्योग कसा झाला, ते पाहू. तारखांची यादी वाचण्यापेक्षा खेळाडूंच्या नावांवरून ही गोष्ट अधिक चांगली कळते.

अमेरिकेतले लोक बास्केटबॉलचा इतिहास असाच सांगतात. १८९१ साली जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने थंडीत मुलांना आत खेळता यावं म्हणून तो खेळ शोधला. पुढे त्याचे व्यावसायिक संघ झाले. त्यात जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंच उंचीचा खेळाडू आला. तो बास्केटखाली उभा राहिला की समोरच्याचं काही चालेना. म्हणून १९५१ साली बास्केटखालचा पट्टा सहा फुटांचा बारा फूट रुंद करावा लागला. त्याच्या संघाला हरवण्यासाठी १९५० साली एका संघाने चेंडू नुसता आपल्याजवळ धरून ठेवला. सामना १९-१८ असा संपला! तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी काय पाहायचं? शेवटी १९५४ साली नियम झाला, चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे. मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड, मायकेल जॉर्डन ही जगाला ठाऊक असलेली नावं त्यानंतरची. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. पैसे मोजून पाहणारा प्रेक्षक आला की खेळाला घड्याळ लागतं. आपल्याकडेही तेच झालं, फक्त साठ वर्षांनी.

आपल्या लहानपणी या खेळाला हुतुतू म्हणत. त्याचे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा उठायचा. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसावं लागायचं. अमरमध्ये गडी बाद झाला तरी आतच राहायचा, फक्त गुण मोजले जायचे. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. मैदान म्हणजे भात कापल्यावरचा मळा किंवा देवळासमोरचं पटांगण. बक्षीस म्हणजे नारळ, फार तर एखादी ढाल. पोटाचा आणि खेळाचा संबंध एवढाच, की खेळून आलं की भूक लागायची.

हा संबंध पहिल्यांदा जुळला तो मुंबईत. कोकणातला चाकरमानी लालबाग-परळच्या गिरण्यांत गेला, तेव्हा ट्रंकेबरोबर हुतुतूही घेऊन गेला. पाळी संपली की मंडळाच्या मैदानावर. त्या मंडळांनी खेळ जिवंत ठेवला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. शंकरराव साळवी, म्हणजे सर्वांचे बुवा साळवी, यांनी तर या खेळासाठी देश आणि आशिया पालथा घातला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतो.

१९७२ साली सदानंद शेट्ये यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. कबड्डीतला तो पहिला अर्जुन. पुढे शकुंतला खटावकर, शांताराम जाधव अशी नावं त्या यादीत आली. आता म्हणाल, पुरस्काराने पोट कुठे भरतं? पुरस्काराने नाही, पण मानाने भरतं. क्रिकेटपटूला नोकरी देणाऱ्या कचेऱ्या कबड्डीपटूलाही दार उघडू लागल्या. रेल्वे, पोलीस, बँका, बंदर, खतांचा कारखाना, विमान कंपनी, मोटारी बनवणारी कंपनी, सगळ्यांचे कबड्डी संघ झाले. गड्याला खेळाडू म्हणून घ्यायचं, नोकरीवर कायम करायचं. सकाळी सराव, दुपारी कचेरी. पाय मोडला तरी पगार चालू. खेळ सुटला तरी खुर्ची शाबूत आणि साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन.

गंमत बघा. देशाच्या संघटनेच्या नावातच 'अ‍ॅमॅच्युअर' होतं, म्हणजे हौशी. कागदावर सगळे हौशी. पण कोकणातल्या कितीतरी घरांचं छप्पर या हौसेवर कौलाचं झालं. व्यावसायिक कबड्डी २०१४ साली सुरू झाली असं आपण म्हणतो. मला विचाराल तर ती त्याआधी कितीतरी वर्षं सुरू होती, फक्त तिला कुणी तसं म्हणत नव्हतं.

१९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालं आणि भारताने सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात पुण्याचे अशोक शिंदे होते. पुढे २०१४ पर्यंत सलग सात वेळा सुवर्णपदक आपलंच. पण याच काळात महाराष्ट्राचा हात सैल होत गेला. मातीची जागा मॅटने घेतली. मातीत चपळाई आणि दम चालायचा, मॅटवर बूट आले आणि ताकद आली. हरयाणाची गावंच्या गावं या खेळाला लागली. सेनादल आणि रेल्वे पुढे गेले. आपण मात्र जुन्या ढालींना पॉलिश करत राहिलो. २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ते तब्बल अकरा वर्षांनी.

आता लिलावाकडे येऊ. २६ जुलै २०१४, मुंबई. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना. आठ संघ. पहिल्या लिलावात सर्वांत जास्त बोली लागली ती रेल्वेच्या राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजार. त्या वेळी हा आकडा ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

आणि मघाशी म्हटलं ते घड्याळ इथे आलं. चढाईला ३० सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यायलाच हवा, नाहीतर गडी बाद. 'करो या मरो' म्हणतात ती चढाई. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड केली तर अव्वल पकड, एक गुण जादा. आमच्या काळी आघाडी मिळाली की चढाईपटू मध्यरेषेपाशी येरझाऱ्या घालून वेळ काढायचा. ते आता संपलं. टीव्हीसमोर बसलेला माणूस कंटाळला तर हातातलं बटण दाबतो, हे अमेरिकेने शिकलेलं आपणही शिकलो.

या नव्या खेळाचा पहिला नायक अनुप कुमार. हरयाणाचा, पण मुंबईने त्याला आपलं मानलं. तो कधी ओरडला नाही, मांड्या थोपटून नाचला नाही. शांतपणे बोनस रेषेवर पाय ठेवायचा आणि परत यायचा. डोकं शांत ठेवणं ही ताकदीइतकीच मोठी गोष्ट आहे, हे त्याने घराघरात दाखवलं. दुसरा परदीप नरवाल. समोरचे तिघे अंगावर आले की हा त्यांच्या हातांखालून बुडी मारून पलीकडे निघायचा. २०१७ च्या एका हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. त्यानंतर आमच्याकडच्या शाळांतली पोरं पकडीत सापडली की पहिल्यांदा डोकं खाली घालायला लागली. तिसरा इराणचा फझल अत्राचली. २०१८ च्या लिलावात एक कोटीला पहिल्यांदा पोहोचला तो हा, आणि तो चढाईपटू नव्हता. डाव्या कोपऱ्यातला पकडपटू! त्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात आपल्याला हरवलं. आपणच त्यांना खेळायला बोलावलं, ते आपल्याकडे खेळून तयार झाले. खेळ मोठा होतो तो असाच, त्याबद्दल मला तक्रार नाही.

महाराष्ट्रातली नावंही घ्यायला हवीत. त्याच लिलावात रिशांकवर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. पुढच्या वर्षी सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची. सिद्धार्थ घाटावरच्या चंदगड तालुक्यातला, म्हणजे आपल्या सीमेला लागूनच. मार्च २०२४ मध्ये पुण्याचा संघ पहिल्यांदा लीग जिंकला, तो नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली. अस्लम आणि नाशिकचा आकाश शिंदे त्याआधी काही महिने हांगझोऊला सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. २०२३ च्या लिलावात तर पवन सेहरावतची बोली दोन कोटी साठ लाखांच्या वर गेली.

हे आकडे टीव्हीवर बाप पाहतो आणि मुलगाही पाहतो. पण टीव्हीवर दिसत नाही ते मी सांगतो.

बारा संघ. एका संघात फार तर पंचवीस गडी. म्हणजे सगळ्या देशात तीनशे जागा, त्यातल्या काही परदेशी खेळाडूंच्या. कोटीच्या घरात जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लीग वर्षातले काही महिने, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव होईल तेव्हा हात वर करणारा कुणी असेलच असं नाही. लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वांत जास्त गुण ज्याच्या नावावर आहेत, त्या परदीप नरवालला २०२५ च्या लिलावात एकाही संघाने घेतलं नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. ज्याने पोरांना बुडी मारायला शिकवली, त्याची ही गत. मग बाकीच्यांचं काय?

आणि मुलींचं? २०१२ साली पाटण्याला आपल्या मुलींनी पहिला विश्वचषक जिंकला. त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. २०१६ साली पुरुषांच्या लीगबरोबर महिलांच्या तीन संघांची छोटी स्पर्धा झाली. अभिलाषा त्यातल्या एका संघाची कर्णधार. अंतिम सामना एका गुणाने सुटला, इतका चुरशीचा. पण पुढच्या वर्षी ती स्पर्धा झालीच नाही. मुलींच्या पोटाचा प्रश्न अजूनही रेल्वे, पोलीस आणि बँका यांच्याच भरवशावर आहे.

आता माझी चूक. १९८९ साली गड नदीकाठच्या एका गावातला मुलगा माझ्या वर्गात होता. नाव सांगत नाही. उजव्या कोपऱ्यात असा गडी मी पुन्हा पाहिला नाही. घोट्याला हात घातला की समोरचा जागेवर बसलाच. मुंबईच्या एका संघाने त्याला चाचणीसाठी बोलावलं. बाप माझ्याकडे आला आणि त्याने हाच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "बारावी होऊ दे, मग बघू." दुसरं बोलावणं आलंच नाही. पुढच्या वर्षी बीजिंगच्या सुवर्णपदकाची बातमी मी याच आकाशवाणीवर ऐकली आणि रात्रभर झोप लागली नाही.

शिक, असं सांगितलं ही माझी चूक नव्हती. ती चाचणी कायमच्या नोकरीसाठी होती, हे मी विचारलंच नाही, ही चूक. मी खेळाला खेळच समजत होतो. तो मुलगा आता पंप दुरुस्त करतो. भेटला की हसून म्हणतो, "गुरुजी, तुम्ही बऱ्यासाठीच सांगितलंत." त्याने चार शब्द सुनावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

तेव्हा आम्हाला वाटायचं, खेळात काही नाही. खरं तर त्यात निवृत्तिवेतन होतं. आज वाटतं, खेळात कोटी आहेत. खरं तर तीनशे जागा आहेत आणि त्याही काही वर्षांच्या. दोन्ही वेळा आपण न विचारताच उत्तर ठरवलं.

म्हणून बाजारातल्या त्या बापाला मी सांगितलं, "पाठव. पण शिबिरवाल्यांना तीन गोष्टी विचार. गुडघा गेला तर डॉक्टरचा खर्च कोण करणार? तिथे राहून बारावीची परीक्षा देता येईल का? आणि गेल्या पाच वर्षांत इथून गेलेल्या मुलांना नोकऱ्या कुठे लागल्या, त्यांची नावं दाखवा." त्याने भाजीच्या पिशवीतून बिलाचा कागद काढला, त्याच्या पाठीमागे तिन्ही प्रश्न लिहून घेतले आणि तो खिशात ठेवला.

परवा त्याचा फोन आला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तिसऱ्याचं अजून यायचं आहे. मुलगा पुण्याला गेला आहे. अकाउंट्सचं पुस्तक बरोबर नेलंय, असं बापाने मुद्दाम सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मीही वाट पाहतो आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)