संथ रॉक गाण्यातील ड्रमवादन

ड्रमवादकाची खरी परीक्षा संथ गाण्यात होते. द्रुत लयीत दोन आघातांमधले अंतर इतके थोडे असते, की हात किंचित मागेपुढे झाला तरी ओघात खपून जातो. लय उतरली की मात्रांमधली मोकळी जागा ऐकू येऊ लागते आणि ती भरून टाकण्याचा मोह वादकाला होतो. कुठली जागा भरायची, कुठली रिकामी ठेवायची आणि भरायचीच तर कोणत्या नादाने, यावर अशा गाण्याचा भाव ठरतो. बीटल्स या इंग्लिश बँडचे १९६७ सालचे ‘अ डे इन द लाइफ’ हे गाणे याचा फार सुंदर नमुना आहे.

गाण्याचा मोठा भाग जॉन लेनन यांनी रचला, तर मधला तुकडा पॉल मॅकार्टनी यांनी. लय मिनिटाला सुमारे ८० मात्रांची. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत १९ जानेवारीला ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा ड्रमवादक रिंगो स्टार बोंगो वाजवत होते. ड्रम त्यानंतर चढवले गेले. तेही बाजूला ठेवून ३ फेब्रुवारीला नव्याने वाजवले गेले. हा क्रम महत्त्वाचा आहे. रिंगो वाजवायला बसले तेव्हा लेनन यांचे गायन आधीच मुद्रित झालेले होते. गायकाची ओळ कुठे टेकते, तो श्वास कुठे घेतो, हे त्यांना कानांनी टिपता येत होते, आणि त्यांचे सगळे वादन या ऐकण्यातूनच घडले आहे.

पहिल्या कडव्यात ड्रम नाहीत. गिटार, पियानो आणि माराकासचा बारीक खुळखुळाट यांवर आवाज तोलला जातो. दुसऱ्या कडव्यात ड्रम येतात, पण रॉक संगीतातला नेहमीचा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा ठोका देत सरळ चालणारा ठेका त्यांच्यावर हुकमत गाजवत नाही. लक्ष वेधून घेतात ते टॉमवरचे, म्हणजे संचातल्या खोल नादाच्या ड्रमांवरचे तुकडे, ज्यांना ड्रमवादक ‘फिल’ म्हणतात. एरवी फिल म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात नेणारी जोडणी. येथे ती संवादाचा भाग झाली आहे: गायक थांबला की टॉम बोलतात, गायक परतला की मागे सरतात. शब्दांवर एकही आघात कुरघोडी करत नाही.

नादाचा विचारही तितकाच बारकाईने झाला आहे. ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी टॉमचे खालचे पडदे काढून मायक्रोफोन खालून लावले. वरचे पडदे सैल होते. त्यामुळे आवाजातला टणत्कार गेला आणि ऑर्केस्ट्रातल्या टिंपनीसारखा खोल, जड घुमारा आला. हेच तुकडे ताणलेल्या, खणखणीत टॉमवर वाजवले असते तर ते पराक्रम वाटले असते. या घुमाऱ्यामुळे ते गाण्यातल्या उदास चिंतनाचाच भाग होतात.

मॅकार्टनी यांच्या मधल्या तुकड्यात मूळ लय फारशी न बदलता चाल दुपटीची वाटू लागते. पियानो ठाम ठोके देतो आणि ड्रम त्याला साध्या, नेटक्या ठेक्याने साथ करतात. येथे फिल्सची गरज नाही, म्हणून त्या नाहीत.

रिंगो जन्मतः डावखुरे, पण उजव्या हाताच्या वादकासाठी मांडलेल्या संचावर वाजवणारे. एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्यांचा डावा हात पुढाकार घेतो. उजव्या हाताच्या वादकाला सहज जमणारी धाव त्यांना अडते; म्हणून त्यांच्या फिल्सना वेगळे वळण आणि किंचित रेंगाळणारी ढब येते. संथ गाण्यात ही ढब विशेष शोभते.

अशा वादनात आघात मोजके असल्यामुळे ते सोपे समजले जाते. आघातांची संख्या आणि क्रम लिहून काढता येतो, पण प्रत्येक आघात मात्रेच्या नेमका किती मागे ठेवायचा आणि त्याला किती वजन द्यायचे, हे लिपीत उतरत नाही. जेनेसिस या बँडचे ड्रमवादक फिल कॉलिन्स यांनीही रिंगो यांना मिळालेले श्रेय अपुरे असल्याचे सांगताना याच गाण्यातील फिल्सचा दाखला दिला आणि त्या वाजवणे गुंतागुंतीचे असल्याचे नमूद केले.