सोरायसिस : समज आणि शुश्रूषा

घरांतील एखाद्याच्या कोपरावर किंवा गुडघ्यावर लालसर चट्टा उठतो, त्यावर रुपेरी खपल्या धरतात आणि त्यांचा कोंडा अंथरुणावर पडूं लागतो. दुखणें एवढेंच असतें. परंतु त्या माणसाचा पेला वेगळा ठेविला गेला, न्हाव्यानें डोक्यास हात लावण्यास कांकूं केलें किंवा ठरलेलें लग्न मोडलें, म्हणजे तें मनापर्यंत जाऊन पोहोंचतें. या रोगास सोरायसिस म्हणतात. त्याविषयीं सर्वांत आधीं जाणावयाची गोष्ट ही कीं, तो सांसर्गिक नाहीं. स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा एका अंथरुणावर निजल्यानें तो एकाचा दुसऱ्यास होत नाहीं.

हें भय जुनें आहे. युरोपांतही पुष्कळ काळ या रोगाची गणना कुष्ठांत होत असे. इ. स. १८४१ मध्यें व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड हेब्रा यांनीं दोहोंतील भेद स्पष्ट केला. वास्तविक कुष्ठरोगही आज औषधांनीं बरा होतो. मग जो कुष्ठ नव्हेच, त्याचें भय कशासाठीं?

निरोगी त्वचेच्या तळाशीं उपजलेली पेशी वर येऊन गळून पडावयास सुमारें एक महिना लागतो. या रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेस नाहक चिथावते आणि तोच प्रवास अवघ्या कांहीं दिवसांत उरकतो. अपक्व पेशींचे थर सांचतात, तीच खपली. याकडे कल आनुवंशिक असतो. रक्त बिघडल्यानें किंवा पूर्वकर्मामुळें हें होतें, ही समजूत निराधार होय.

रोग समूळ जाईल असें औषध अद्याप नाहीं. मात्र तो आटोक्यांत राहतो. स्नान कोमट पाण्यानें करावें, अंग घासूं नये, टिपावें. आणि त्वचा ओलसर असतांनाच साधें मलम किंवा पेट्रोलियम जेली लावावी. खपल्या नखांनीं काढूं नयेत, कारण जेथें त्वचा दुखावते तेथें नवा चट्टा उठूं शकतो. धूम्रपान, मद्य, मनाचा ताण व घशाचा दाह यांनीं रोग बळावतो. थंडीच्या दिवसांत त्वचेची निगा अधिक राखावी.

चट्टे थोडे असल्यास स्टेरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातीचीं द्रव्यें किंवा कोळशाचें डांबर असलेलीं मलमें देतात. अधिक असल्यास अतिनील किरणांचा उपचार, पोटांत घ्यावयाचीं औषधें किंवा इंजेक्शनें योजितात. यांत दोन गोष्टी विशेष जपाव्या. मेथोट्रेक्सेट या रोगावर आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेततें. तसेंच ‘हमखास गुण’ देणाऱ्या बेनांवाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें असूं शकतें. तें एकाएकीं थांबविल्यास रोग उग्र रूपानें उसळण्याचा संभव असतो. सांधे सकाळीं आंखडत किंवा सुजत असतील, तर तें वैद्यास विनाविलंब सांगावें; तोही याच रोगाचा भाग असूं शकतो.

इ. स. २०१४ मध्यें जागतिक आरोग्य परिषदेनें या रोगाविषयीं ठराव केला आणि रोग्यांस सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेची दखल घेतली. परंतु ठराव घरोघरीं पोहोंचत नाहींत. औषध वैद्य देईल; वेगळा ठेविलेला पेला पुन्हां पंक्तींत आणण्याचें काम मात्र घरच्यांचेंच आहे.