डोळ्यांना सुटणारी खाज

कार्तिक महिना सरत आला म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या काठचा प्रदेश मोठा रमणीय दिसू लागतो. उसाला रुपेरी तुरे फुटलेले असतात, कारखाने सुरू झालेले असतात, आणि माळेगाव, भवानीनगरच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या वाहनांची रांग लागते. पलीकडे मोरगाव-सुप्याच्या जिरायत भागात शाळू डोलत असतो. याच दिवसांत गावोगावच्या शाळांमध्ये आणखी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. खिडकीशेजारच्या बाकावर एखादा आठ-नऊ वर्षांचा मुलगा डोळे किलकिले करून बसलेला असतो. फळ्याकडे पाहा म्हटले की तो मान खाली घालतो, आणि दोन्ही मुठींनी डोळे असे चोळतो की पाहणाऱ्याचेच डोळे चुरचुरावेत. गुरुजींना तो अभ्यास चुकवणारा वाटतो. आई म्हणते, उष्णता डोळ्यांत गेली. शेजारीण म्हणते, डोळे आले आहेत, पोराला दूर बसवा. तिघांचाही तर्क बहुधा चुकलेला असतो.

डोळे येणे हा निराळा विकार होय. त्याची साथ असते. जुलै २०२३ मध्ये आळंदीस अशीच साथ पसरली आणि हजारो लोकांचे, विशेषतः शाळकरी मुलांचे, डोळे लाल झाले. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि सामान्यतः आठ-पंधरा दिवसांत ओसरते. आपण ज्या विकाराविषयी बोलत आहोत, त्याचे मुख्य लक्षण खाज हे आहे. तो बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, ठरावीक ऋतूत दरवर्षी परत येतो, पुष्कळदा शिंकांच्या जोडीने येतो, आणि कोणाकडून कोणास लागत नाही. तेव्हा त्या मुलास वर्गाबाहेर बसविण्याचे काहीच कारण नाही.

या विकाराचा शोध घेणाऱ्यांपैकी एक आरंभीचा मनुष्य स्वतःच त्याचा रोगी होता. लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःचे डोळे व छाती दरवर्षी उन्हाळ्यात कशी त्रास देतात याची हकीकत वैद्यांच्या सभेपुढे वाचली. पुढे १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, हा खोडसाळपणा उन्हाचा नव्हे, गवताच्या परागांचा आहे. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द तर १९०६ साली व्हिएन्नाच्या फोन पिर्के यांनी घडविला. शरीर परागासारख्या निरुपद्रवी वस्तूस शत्रू समजते, डोळ्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर टाकतात, आणि त्यामुळे खाज, लाली व पाणी येते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. डोळा चोळल्याने याच पेशी आणखी फुटतात. म्हणजे चोळल्याने क्षणभर बरे वाटते खरे, पण खाज वाढतच जाते.

आता बारामती व इंदापूर तालुक्यांतच याचा विचार विशेषेकरून का करावयाचा? मूळचा हा अवर्षणाचा मुलूख. १८८० च्या दशकात कालवा वाहू लागला आणि त्याच्या काठी बारमाही ओल आली. ओल आली तेथे ऊस आला, आणि उसाबरोबर बांधावरचे तणही आले. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात नोंदले गेले आणि पाहता पाहता देशभर पसरले. एरवी ते पावसाबरोबर उगवावे आणि ओल संपताच वाळावे. परंतु पाटाच्या कडेला त्यास वर्षभर फुलावयास पाणी मिळते. त्याच्या संसर्गाने हातांची, मानेची व पापण्यांचीही कातडी चरचरते. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मेक्सिकोहून आणलेले भुंगे त्याची पाने खातात, पण केवळ त्यांच्यावर विसंबून भागत नाही. फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून व तोंडास फडके बांधून ते मुळासकट उपटणे हाच उपाय. फुलोरा आल्यावर उपटू गेलेला मनुष्य पराग आपल्याच डोळ्यांत घेतो. याशिवाय ज्वारी-बाजरीचा फुलोरा, माळावरची वेडी बाभूळ, कच्च्या रस्त्यांची धूळ आणि पाचट जाळल्याची काजळी आहेच. काजळी ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण आधीच चिडलेल्या डोळ्यास ती तिखटासारखी झोंबते. पाचट जाळू नये असे शेतीतज्ज्ञ जमिनीच्या हितासाठी सांगतात; मुलांच्या डोळ्यांसाठीही ते खरे आहे.

घरी करावयाचे उपाय साधे आहेत. शेतातून आल्यावर तोंड, हात व केस धुवावेत, कपडे बदलावेत. माठाच्या गार पाण्यात भिजवलेली स्वच्छ फडक्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावी; खाज उठली की पुन्हा ठेवावी. दुचाकीवर किंवा मळणीच्या वेळी साधा चष्मा लावावा. डोळ्यांतील पाण्यासारखे थेंब मिळतात, ते पराग धुऊन काढतात. गुलाबपाणी, मध, आईचे दूध, तुरटीचे पाणी यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये. सुरम्यात तर पुष्कळदा शिसे असते. एवढ्याने न भागल्यास ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेन यांसारखे खाजेवरचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावेत.

काही मुलांत, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक, हा विकार उग्र रूप धारण करतो. उष्ण व कोरड्या प्रदेशांत तो जास्त आढळतो. वरच्या पापणीच्या आत फोडांसारखे उंचवटे येतात, चिकट पांढरे तार निघतात, उजेड सहन होत नाही, सकाळी डोळे उघडवत नाहीत. वयात येताना बहुतेकांचा त्रास कमी होतो, पण तोवरची वर्षे सांभाळून न्यावी लागतात. सतत चोळणाऱ्या मुलांमध्ये बुबुळावरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येण्याचा धोका असतो, आणि मग साध्या चष्म्याने नीट दिसत नाही.

परंतु याहूनही मोठा धोका औषधाच्या दुकानात आहे. पहिल्या वर्षी डॉक्टर काही दिवसांसाठी एक बाटली लिहून देतात. दोन दिवसांत खाज नाहीशी होते. पुढच्या वर्षी बाप दुकानात जातो आणि म्हणतो, “भाऊ, मागचंच औषध द्या.” दुकानदार देतो. तिसऱ्या वर्षी चिठ्ठीचा प्रश्नच उरत नाही. या बाटलीत बहुधा स्टेरॉइड असते, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. कधी त्याला जंतुनाशकाची जोड असते. कायद्याने ही औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य हाती, थोड्या दिवसांसाठी ते डोळा वाचवते. परंतु महिनोन्‌महिने घातल्यास काही मुलांच्या डोळ्यांतील दाब वाढतो आणि काचबिंदू होतो, तर काहींना कोवळ्या वयात मोतीबिंदू. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करता येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. दुःखाची गोष्ट अशी की, हा दाब बहुधा दुखत नाही. डोळा पांढराशुभ्र, खाज नाही, मूल खेळते आहे, आणि आत दृष्टीची शीर झिजत असते.

ज्या घरी असे थेंब वर्षानुवर्षे चालू असतील, तेथील मुलाची एकदा नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डोळ्यांतील दाब मोजावयास फार वेळ लागत नाही. थेंब आपल्याच मनाने एकाएकी बंद करू नयेत. ते कसे कमी करावयाचे ते तज्ज्ञ सांगतील. डोळा दुखू लागला, धूसर दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर मात्र त्याच दिवशी जावे. जाताना घरातील सगळ्या जुन्या बाटल्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. मुलाच्या डोळ्यांत आजवर काय काय पडले ते डॉक्टरांना त्यांवरच्या अक्षरांवरून कळते.