कारखान्यातला खेळ : कोणाच्या हिताचा?



युनियनच्या माणसाने व्यासपीठावर येऊन कबड्डीविषयी बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. वीस वर्षांपूर्वी आम्हांलाही वाटले असते. कंपनीने कामगारांना रंगीत बनियन वाटले की आम्ही म्हणत असू, पगारवाढीच्या मागणीवर हा उतारा काढला! आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तिथे माणूस संशय घ्यायला लवकर शिकतो.

तो संशय अर्धाच खरा होता. जर्मनीत लेव्हरकूझेन येथे बायर कंपनीच्या कारखान्यात विल्हेल्म हाउशिल्ड नावाचा कामगार होता. त्याने १९०३ साली मालकांना पत्र लिहिले की, आम्हांला क्रीडामंडळ काढावयाचे आहे, मदत करा. खाली १७० सहकाऱ्यांच्या सह्या होत्या. १९०४ साली मंडळ निघाले. त्याचा फुटबॉल संघ आज जगाला ठाऊक आहे. म्हणजे मैदान ही मालकाची भीक नव्हती, कामगारांची मागणी होती. आम्ही आयुष्यभर मागणीपत्रे लिहिली. त्यांत मैदान घालावे हे आम्हांला सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता कंपनीला काय मिळते? नाव मिळते, हे उघडच आहे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. क्रिकेटमध्ये आजच्यासारखा पैसा नव्हता तेव्हा महिन्याचा पगार हाच खेळाडूचा आधार होता. पण वर्तमानपत्रात न छापला जाणारा लाभ याहून मोठा आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पहिल्या आणि दुसऱ्या पाळीचे हाडवैर होते. कबड्डीचा संघ निघाला, त्यात तिघे इकडचे, चौघे तिकडचे. साखळी करायची तर शेजाऱ्याचा हात धरावाच लागतो! पुढे पाळी बदलताना ‘तीन नंबरच्या प्रेसचा ब्रेक नीट धरत नाही, सांभाळ’ एवढे सांगून जाण्याची रीत पडली. प्रेसवर बोटे कशी जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका वाक्याची किंमत कळेल. मालकालाही कळते; अपघात झाला की यंत्रही थांबतेच.

पण हिशेबाची दुसरी बाजू आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानी मुली बहुतेक निचिबो या सूतगिरणी कंपनीच्या होत्या. दिवसा नोकरी, नंतर मध्यरात्रीपर्यंत सराव. पदक देशाला मिळाले, कंपनीचेही नाव झाले. झोप मात्र त्या मुलींची गेली.

आमच्या त्या संघाचा सर्वांत चपळ चढाईपटू कंत्राटी कामगार होता. छातीवर कंपनीचे नाव, पण कंपनीच्या कँटीनचा पास त्याच्याजवळ नव्हता. एका रविवारी सामन्यात त्याचा गुडघा गेला. व्यवस्थापन म्हणाले, हा आमचा कामगारच नव्हे. कंत्राटदार म्हणाला, मी याला कबड्डी खेळायला पाठवले नव्हते. दुखापत नोकरीतून आणि नोकरी चालू असताना झालेली असावी, अशी १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्याची कसोटी होती. रविवारचे मैदान नोकरीत धरावे की नाही यावर वकील वर्षभर बोलतील. घरमालक तितका थांबत नाही.

आमच्या कायम कामगारांनी तोवर कंत्राटी माणसासाठी कधी तोंड उघडले नव्हते. आम्हीही त्यांना फारसे टोचले नव्हते. या वेळी सहाही गडी आमच्या कचेरीत आले आणि म्हणाले, त्याचा निकाल लागेपर्यंत अंतिम सामना खेळायचा नाही. ढाल व्यवस्थापकांना हवी होती. आठ दिवसांत औषधोपचार आणि बुडालेला पगार मिळाला. पुढच्या करारात आम्ही कलम घालून घेतले : सामन्याचा दिवस कामाचा दिवस, मैदानावरची दुखापत ती कारखान्यातली दुखापत, आणि कँटीनचा पास जो काम करील त्या प्रत्येकाला. त्याला कायम करून घेणे मात्र आम्हांला जमले नाही.

तो आता चढाई करीत नाही. पायाला पट्टा बांधून, शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहतो. आणि दर सोमवारी कंत्राटदाराच्या वहीत सही करून आत जातो.