शिकणाऱ्या शिक्षिकेची विचारपूस कोण करतं?

(तालुक्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. ब्रीद चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, की गंगा घरी आली तेव्हा घरातली बाई काय करत होती? बहुधा भाकऱ्या थापत होती.

मी बोलणार आहे ती नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्या शिक्षिकांबद्दल. २०१७ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रशिक्षण न झालेल्या सेवेतल्या शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत ते पुरं करायला सांगण्यात आलं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या पदविकेला देशभरातून १३ लाखांहून जास्त शिक्षकांनी नावं घातली. धडे इंटरनेटवर आणि टीव्हीवर, काही दिवस अभ्यासकेंद्रात, बाकी काम आपापल्या शाळेत. पदविका नाही तर नोकरी नाही, असा तो मामला होता.

अशा विद्यार्थिनींच्या घरी जाणं हे माझ्या कामाचा भाग आहे. पहिल्या भेटीत बहुतेक जणी सांगतात, ‘ताई, वय झालं, आता डोक्यात शिरत नाही.’ वय किती, तर चौतीस! मग मी त्यांचा दिवस विचारते. पहाटे साडेचारला उठायचं, पाणी, डबे, शाळा, संध्याकाळी सासूबाईंचं औषधपाणी. रात्री साडेदहाला नवऱ्याचा फोन मोकळा झाला की व्हिडिओ लावायचा. तोही आवाज बारीक करून, कारण मुलं झोपलेली. कमी पडते ती झोप, आणि दोष मात्र जातो बाईच्या डोक्याला. स्वाध्याय दोनदा चुकला की अभ्यासकेंद्राच्या वहीत तिच्या नावापुढे ‘गळती’ असा शेरा पडतो. तिला फोन करून विचारणं कुणाच्याच कामात बसत नाही.

एक ताई बाळंतपणामुळे थांबली. पुस्तकं तिने माळ्यावर टाकली होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दूरशिक्षणाचं बी.एड. किमान दोन वर्षांचं असलं, तरी पुरं करायला प्रवेशापासून पाच वर्षं मिळतात. तिची अजून अडीच वर्षं शिल्लक होती. हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. माहितीपत्रकात असतं म्हणे. असेल. पण वर्षभर तिच्या मनात फी बुडाल्याची बोच होती आणि घरात रोज तोच टोमणा.

आता सहीबद्दल. सराव पाठ स्वतःच्या शाळेत होतात, त्यामुळे मुख्याध्यापकाची सही लागते. विनाअनुदानित शाळेत ही सही फार महाग पडते. जादा तास घे, कार्यालयातलं लिखाण कर, सुट्टीत ये. कधी मागणी याहून वाईट असते. मग बाई कुणाशी बोलणार? शाळेत बोलली तर नोकरी जाते, आणि केंद्रात म्हणतात, तो तुमच्या शाळेचा प्रश्न.

हे खरं नाही. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा तिच्या शाळेला लागू आहे. शाळेत दहापेक्षा कमी माणसं असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आणि केंद्रात समंत्रकाने त्रास दिला तर? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत ‘विद्यार्थी’ या शब्दात दूरशिक्षणाचे विद्यार्थीही स्पष्टपणे घेतले आहेत. म्हणजे विद्यापीठाच्या अंतर्गत समितीकडे तिला तक्रार करता येते. रोज वर्गात न बसणारी बाईही तिथली विद्यार्थिनीच आहे. ही गोष्ट खुद्द केंद्रातल्या लोकांनाही मला कागद दाखवून सांगावी लागते.

काही ठिकाणी बायकांनी आपली वाट काढली आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा दुपारी चार-पाच गावांतल्या शिक्षिका एका जिल्हा परिषद शाळेत जमतात. मुलं आवारात खेळतात, एकीच्या फोनवर सगळ्या मिळून धडा बघतात, टाचणांवर भांडतात. एका केंद्राला यात कॉपीचा वास आला. पुरुष शिक्षक चहाच्या टपरीवर हेच करतात तेव्हा ती चर्चा असते!

पुढच्या संपर्कसत्राला मी केंद्रावर जाणार आहे. पाच वर्षांची मुदत आणि तक्रार कुठे करायची, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावायचं आहे. सत्राच्या दिवशी लहान मुलांसाठी एक खोली मागायची आहे. कुणी बरोबर येणार असेल तर सांगा, सकाळच्या एसटीनेच निघायचं आहे.